तबकडीचा षड्ज

महाराष्ट्राबाहेर ज्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या अशा मराठी घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक बहुधा असतेच. तीत लग्नातले शालू निघतात, जुनी दप्तरे निघतात, आणि क्वचित जाड खाकी पाकिटांत घातलेल्या काळ्या, जडशीळ तबकड्याही निघतात. इंदूर, बडोदे, हुबळी, हैदराबाद, कोठेही जा, हा अनुभव सारखाच. नाटक मंडळ्या वर्षा-दोन वर्षांतून एकदा फिरकत; रेडिओ पुष्कळ उशिरा आला; परंतु एखाद्या पाहुण्याच्या वळकटीतून बालगंधर्वांचे गाणे दूरच्या गावी पोचू शकत असे. त्या ट्रंकेचे आता काय करावयाचे, हा प्रश्न अनेक घरांपुढे उभा राहिला आहे. मुले म्हणतात, हे सारे गाणे फोनवर मिळते. ते काही अंशी खरेही आहे. पण फोनवर जे मिळते ते कोणी तरी, कोणत्या तरी यंत्रावर, कोणत्या तरी वेगाने वाजवून उतरवून घेतलेले असते, आणि त्या वेगाची चौकशी सहसा झालेली नसते. ही चौकशी किती महत्त्वाची आहे हे आम्हांस आमच्या आत्याबाईंनी शिकविले. म्हणून हा लेख.

आमच्या चिकोडीच्या घरात 78 फेऱ्यांच्या 136 तबकड्या आहेत, त्यांतील 11 तडकलेल्या. पुढच्या काळातील लाँग प्लेइंग तबकड्या चाळीसच्या आसपास. आजोबा निपाणीस तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते. हंगाम संपला की ते कोल्हापूरास किंवा बेळगावास जाऊन दोन-चार तबकड्या घेऊन येत. मराठी नाट्यपदे, भावगीते, हिंदुस्थानी ख्याल आणि कन्नड वचने ही सारी एकाच ट्रंकेत नांदली. 1956 साली चिकोडी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. ट्रंकेतला क्रम मात्र बदलला नाही.

आमचा हा मुलूख गाण्याच्या बाबतीत भाग्यवान खरा. इकडे मिरज, जेथे अब्दुल करीम खाँसाहेब स्थायिक झाले आणि जेथे आजही सतारी-तंबोरे घडतात, तिकडे धारवाड-हुबळी. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावी येथला. बालवयात ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांची जशीच्या तशी नक्कल करीत, हे सर्वश्रुत आहे. भीमसेन जोशी यांनी लहानपणी घर सोडले तेही खाँसाहेबांच्या तबकडीचे सूर कानी पडल्यानंतर. तेव्हा तबकडी ही येथे निव्वळ करमणुकीची वस्तू नव्हती. कित्येकांना तीच पहिली गुरू झाली. गुरूचा षड्ज चुकीच्या जागी ऐकू आला तर शिष्याचे काय होईल, असा प्रश्न मग साहजिकच मनात येतो.

आजोबांचा चावीचा ग्रामोफोन केव्हाच मोडला. त्याची स्प्रिंग तुटली, ध्वनिपेटीतला अभ्रक फुटला. तो दुरुस्त करावा असा एक विचार घरात निघाला होता. तो आम्ही मोडून काढला, आणि त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. चावीच्या यंत्राची ध्वनिपेटी आणि तिच्या मागचा नळा यांचा भार शंभर ग्रॅमांहून अधिक, म्हणजे जुन्या मापात जवळजवळ दहा तोळे, सुईच्या एका टोकावर येतो. तबकडी लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाची. त्या भुकटीवर घासून पोलादी सुई झिजावी आणि खाचेच्या आकाराची व्हावी अशीच मुळात योजना होती. म्हणून प्रत्येक बाजूस नवी सुई घालावी लागे. सुयांची डबी महाग वाटून लोक एकच सुई दहा-दहा वेळा चालवीत, आणि झिजून धारदार झालेली ती सुई मग तबकडीलाच खरवडी. आजोबा या बाबतीत कडक होते. आमच्या तबकड्या आज बोलतात त्या त्यांच्या या उधळपट्टीमुळे. हल्ली शहरांतल्या जुन्या बाजारांतून चकचकीत पितळी कर्ण्याचे जे ग्रामोफोन विकले जातात, त्यांतील पुष्कळसे अलीकडेच इकडचे तिकडचे भाग जोडून तयार केलेले असतात. दिवाणखान्यात ते शोभतात. त्यांच्यावर आपली तबकडी मात्र कोणी ठेवू नये.

तर विजेवरचे यंत्र हवे होते. आमच्या एका भाच्याने अमेरिकेतून येताना तेथल्या एका वृद्ध शेजाऱ्याचे जुने टर्नटेबल आणले. यंत्र देखणे, भक्कम, चारही वेगांचे. तेथली वीज 120 व्होल्टची, म्हणून त्याने सोबत ट्रान्स्फॉर्मरही घेतला होता. पहिल्याच संध्याकाळी एक जुने स्त्रीगीत लावले. आवाज स्वच्छ आला, आम्ही सारे खूश झालो. आत्याबाई मात्र मान हलवीत राहिल्या.

“अरे, सूर बसलाय हा. बाई अशा ढाल्या आवाजात कधी गात नव्हत्या.”

आत्याबाईंचे वय आज 89. डोळे अधू झाले, गुडघे गेले, पण कान शाबूत आहेत. लहानपणी त्या आजोबांच्या शेजारी बसून ही गाणी बाजाच्या पेटीवर काढीत असत. त्यांनी पेटी मागविली, भाता ओढला आणि पांढरी पाच दाबली. तबकडीचा षड्ज नेमका तेथे होता. मग त्यांनी काळी पाच दाबून दाखविली. “आमच्या घरात हे गाणं इथं वाजायचं,” एवढेच त्या म्हणाल्या.

पांढरी पाच आणि काळी पाच यांत तीन स्वरांचे अंतर आहे. म्हणजे सूर कोमल गंधाराइतका खाली घसरला होता. गणित करून पाहिले तेव्हा आत्याबाईंच्या कानाचे आश्चर्य वाटले. अमेरिकेत विजेचा प्रवाह सेकंदाला 60 आवर्तने करतो, आपल्याकडे 50. ट्रान्स्फॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तने बदलू शकत नाही. आणि या जातीची जुनी मोटर आवर्तनांच्याच हिशेबाने फिरते. साहजिकच 78 चे 65 झाले. वेग पाच-षष्ठांश झाला की सूर बरोबर कोमल गंधाराएवढा उतरतो. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे: जुने यंत्र तिकडून आणावयाचे तर मोटरच्या दांड्यावरची पुली 50 आवर्तनांसाठी बनविलेली मिळते का, हे आधी पाहावे. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर तशी पितळी पुली करून देतो म्हणणारा एक कारागीर आम्हांस भेटलाही. पुलीचा व्यास सव्वापटीपेक्षा किंचित कमी, बरोबर 1.2 पट हवा. परंतु ती केसभर जरी लंबवर्तुळ झाली तरी प्रत्येक फेऱ्यात सूर डुलणार. तो बेत आम्ही सोडून दिला, आणि भाच्याचे यंत्र हल्ली शोभेला आहे.

यानंतर निवड करताना कसोटी ठरून गेली. ऐकीव कीर्तीची यंत्रे पुष्कळ आहेत. इंग्लंडातील गॅरार्ड कंपनीचे 301 हे यंत्र 1954 सालचे आणि 401 हे 1965 चे. दोन्ही 78 च्या वेगाने चालतात व त्यांच्यासाठी आज रसिक लोक वाटेल ती किंमत मोजतात. स्वित्झर्लंडच्या थोरेन्सचे टीडी 124 तसेच. त्याच थोरेन्सचे टीडी 160 हे पट्ट्यावर चालणारे यंत्र 1972 सालचे, अतिशय शांत. पण त्यात 78 नाही. ज्याच्या घरी केवळ लाँग प्लेइंग तबकड्या आहेत त्याने ते खुशाल घ्यावे. आमच्याकडे 136 विरुद्ध 40 असा कौल होता. तेव्हा कंपनीचे नाव पाहून तबकड्यांनी यंत्राशी जुळवून घ्यावे, हे आम्हांस पटेना.

आणखी एक अडचण होती, आणि ती अधिक नाजूक. ज्यांवर 78 असे छापले आहे किंवा जी 78 ची म्हणून ओळखली जातात ती सारी गाणी 78 नेच मुद्रित झाली, असे नाही. 1902 साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले त्या काळात, आणि पुढेही बरीच वर्षे, हा वेग 70 पासून 80 च्या पलीकडेपर्यंत कोठेही असे. विजेच्या साहाय्याने मुद्रण 1925 नंतर सुरू झाले आणि हळूहळू 78 हा आकडा स्थिरावला. म्हणजे काटेकोर 78 ने फिरणारे यंत्रही जुन्या तबकडीच्या बाबतीत खोटे बोलू शकते. यास तोड एकच: ज्याचा वेग हवा तसा कमी-अधिक करता येतो असे यंत्र.

असे यंत्र आहे, आणि तेही फार महाग नाही. स्वित्झर्लंडच्या लेन्को कंपनीचे एल 75. इंग्लंडात ते गोल्डरिंग या नावाने विकले जाई. याच्या मोटरचा दांडा गाजरासारखा निमुळता. त्यावर रबराचे एक उभे चाक टेकते आणि ते चाक थाळीला खालून फिरविते. बाहेरची तरफ सरकविली की चाक दांड्याच्या जाड भागाकडून बारीक भागाकडे जाते, आणि 33 पासून 78 पर्यंत मधला कोणताही वेग मिळतो. इंग्लंडात नोकरी करून परतलेल्या पुण्याच्या एका गृहस्थांकडे ते होते. इंग्लंडची वीज आपल्यासारखीच 50 आवर्तनांची, तेव्हा तो प्रश्न उरला नाही.

यंत्र घरी आले तेव्हा त्यास आवाजापेक्षा घरघर अधिक होती. रबराचे चाक वर्षानुवर्षे वापराविना राहून कडक झाले होते, ते बदलले. मधल्या खांबाची वाळलेली वंगणे पुसून नवे तेल घातले. टोनआर्म ज्या दोन रबरी खोबणींवर डुलतो त्या खोबणी या यंत्राचे ठरलेले दुखणे. पन्नास वर्षांत त्यांचा चुरा होतोच. नव्या मिळतात व बसविण्यास तासभर लागतो. यंत्राची मूळ पेटी पातळ लाकडाची होती. गावातल्या सुताराकडून सागाची जाड चौकट करून घेतली आणि तिच्याखाली कडाप्प्याच्या दोन फरश्या दिल्या. जागेचा प्रश्न जुन्या घरानेच सोडविला. माडीवरच्या लाकडी तक्तपोशीवर कोणी चालले तरी सुई उडते. परंतु तळमजल्यावर दोन हात रुंदीच्या दगडी भिंतीत फडताळ आहे, त्याची खालची फळी दगडाची. तेथे यंत्र ठेवले, गवंड्याची पाणसळ लावून समतल केले, आणि निम्मी घरघर त्या दगडाने गिळली. नव्या सदनिकांत राहणाऱ्यांनी भिंतीला पक्की कैची ठोकून त्यावर यंत्र ठेवले तरी तोच गुण येईल.

सुईविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तबकड्यांचा सर्वांत अधिक घात येथेच होतो. लाँग प्लेइंग तबकडीच्या खाचेसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या इंचाच्या हजारांश भागाहूनही कमी असते. 78 च्या तबकडीस ती तीन हजारांश लागते. बारीक सुई रुंद खाचेत घातली की ती भिंतींना न टेकता तळाच्या धुळीतून सरपटते. जो सरसर आवाज लोक जुन्या काळाची खूण म्हणून कौतुकाने ऐकतात तो बराचसा या गैरजोडीचा असतो. उलट जाड सुई लाँग प्लेइंगवर ठेवली तर ती तबकडी संपलीच म्हणावयाची. एकाच कार्ट्रिजला दोन प्रकारच्या सुया आलटून पालटून लावता येतात अशी सोय आजही मिळते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम 95 मालिकेत 78 साठी वेगळी सुई आहे. शुअर कंपनीने मात्र 2018 साली हा व्यवसाय बंद केला. तिच्या जुन्या सुया कोणी देऊ लागल्यास त्या खऱ्या आहेत की नाहीत हे पारखून घ्यावे. सुईचे टोक हिऱ्याचे असावे. पूर्वीच्या स्वस्त प्लेअरांतली नीलमण्याची सुई पन्नासेक तासांत झिजे, हिरा कित्येक शे तास टिकतो. जुन्या प्लेअरांतल्या स्फटिकाच्या कार्ट्रिजवर तर कोणी विसंबू नये. तो स्फटिक एका क्षाराचा असतो आणि दमट हवेत चक्क विरघळतो. कोकणातल्या आमच्या नातेवाइकांच्या तीन प्लेअरांचे असेच झाले. चुंबकीय कार्ट्रिज या बाबतीत निर्धास्त. पण तिचा विद्युत्संकेत फार क्षीण, काही सहस्रांश व्होल्टचाच, तेव्हा तिला वेगळा फोनो प्रवर्धक लागतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओमागे ती सरळ जोडली तर आवाज डासासारखा येईल.

सुईचा भार तोलण्यास आम्ही शेजारच्या सोनारांकडे गेलो. त्यांचा विजेवरचा काटा मिलिग्रॅमपर्यंत सांगतो. पण त्यांनी हौसेने वडिलांचा जुना तराजू काढून मासे आणि गुंजाही घालून दाखविल्या. 78 च्या सुईस साडेतीन ग्रॅम, म्हणजे साडेतीन माशांहून थोडे अधिक. आजोबांच्या काळचे दहा तोळे आठवून ते हसले, म्हणाले, “तेव्हाची गाणी जाड कातडीची असणार वो.”

दोन बारीक गोष्टी येथेच सांगून टाकतो. 78 च्या तबकडीत स्वर केवळ आडव्या हालचालीत असतो, उभी हालचाल म्हणजे निव्वळ खरखर. म्हणून डावी व उजवी तार एकत्र जोडून, मोनो करून ऐकले की खरखर लक्षणीय घटते. आणि लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. फर्निचरला पॉलिश करणारा सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवितो, हे आठवले म्हणजे पुरे.

एवढे झाल्यावर आम्ही वेग तपासण्याची रेघांची चकती केली. विजेचा जुना दिवा किंवा चोकची ट्यूब आपल्याकडे सेकंदाला शंभरदा मिणमिणते. त्या उजेडात 77 रेघांची चकती स्थिर दिसली की वेग 78 आहे असे समजावे. लाँग प्लेइंगसाठी 180 रेघा. नव्या एलईडी दिव्यांच्या उजेडात हा खेळ बहुधा जमत नाही. संध्याकाळी उसाच्या मळ्यांवरचे पंप सुरू होऊन व्होल्टेज पडले की आमच्या चकतीच्या रेघा हळूच मागे सरकू लागतात. मग तरफ किंचित पुढे करावयाची.

चकतीच्या रेघा स्थिर झाल्या, पण आत्याबाईंचे समाधान झाले नाही. निम्म्याहून अधिक तबकड्या त्यांनी मान्य केल्या. बाकीच्यांविषयी त्या हुज्जत घालू लागल्या. तेव्हा त्यांनीच एक युक्ती काढली, जी आम्हांस कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाची वाटते. बहुतेक गाण्यांत साथीस पेटी असते. गळा दोन स्वरांच्या मध्ये कोठेही लागू शकतो, पण पेटीस पट्ट्याच असतात. ती दोन पट्ट्यांच्या मध्ये वाजूच शकत नाही. तेव्हा तबकडीतली पेटी आपल्या पेटीच्या एखाद्या पट्टीशी तंतोतंत मिळेपर्यंत तरफ सरकवावी. जुन्या पेट्यांचे सूर हल्लीच्यांहून थोडे चढे-उतरे असत, हे ध्यानात घेऊनही फरक उमगतो. मग प्रश्न उरतो तो शेजारच्या दोन पट्ट्यांपैकी कोणती, इतकाच. एका पट्टीचा फरक म्हणजे वेगात 78 ऐवजी सुमारे 73 किंवा 82. एवढ्या फरकाने गाणाऱ्याचा श्वास, तानेची घाई आणि शब्दांचे उच्चार बदलतात, आणि ऐकणाऱ्यास खरे कोणते ते बहुधा कळते.

बहुधा म्हटले, कारण कानही फसतो. गंगूबाई हनगल यांच्या आरंभीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. त्यांतला आवाज बारीक आणि चढा आहे. पुढे घशाच्या विकारानंतर तो भारदस्त, ढाला झाला, आणि आपण सर्वांनी मैफलींत ऐकला तो हाच. घरातल्या तरुण मंडळींनी पहिल्यांदा गांधारीची तबकडी ऐकली तेव्हा वेग जास्त आहे म्हणून तरफ मागे ओढण्यास ते निघाले होते. आत्याबाईंनी हात धरला. “ती तशीच गात होती तेव्हा. हात लावू नका.” 78 च्या खुणेवरच ती तबकडी पेटीशी मिळाली.

त्या दिवसापासून यंत्रावर आणखी खर्च करण्याचा विषय आम्ही बाजूस ठेवला आहे. टोनआर्म बदलावा, प्रवर्धक अधिक चांगला घ्यावा असे हौशी मित्र सुचवितात, आणि ते चुकीचे नाही. तो खर्च पुढच्या वर्षीही करता येईल. आत्याबाईंच्या कानास पुढच्या वर्षीवर टाकता येत नाही. या गाण्यांचा मूळ सूर ज्यांच्या आठवणीत आहे असे आमच्या घरात त्या एकट्याच उरल्या आहेत.

म्हणून आता रोज दुपारी चहानंतर दोन तबकड्या लागतात. मिऱ्याएवढा कागदाचा कपटा तबकडीच्या कडेस ठेवावयाचा, घड्याळ लावून मिनिटात किती फेरे होतात ते मोजावयाचे, आणि पेटीशी सूर मिळाला की पाकिटावर शिसपेन्सिलीने नोंद करावयाची. नोंद आत्याबाई स्वतः करतात. अक्षर थरथरते, पण दुसऱ्या कोणास लिहू देत नाहीत. ‘काळी चार, 76’, ‘पांढरी सहा, 78’ असे. आणि वचनांच्या पाकिटांवर तेच कन्नडात. क्वचित बाजूस एखादा शब्द अधिक असतो: ‘दादांस आवडे’. आजपर्यंत 58 पाकिटे झाली. तडकलेल्या 11 वगळता 67 राहिली आहेत.